अकोल्याला झोपायला

झोपण्यासाठी अकोल्याला जायचे आहे, ही गोष्ट कॉलनीला समजावून सांगण्यात खुशालरावांचा जवळजवळ एक आठवडा खर्ची पडला. अमरावतीच्या कठोरा रोडवरील त्या कॉलनीतली माणसे अकोल्याला लग्नाला जात, मयतीला जात, नातवाच्या प्रवेशासाठी कृषी विद्यापीठात खेटे घालत. परंतु स्वतःची गादी, स्वतःचा कूलर आणि कूलरसमोरची स्वतःची हक्काची जागा सोडून, भर मे महिन्यात, अमरावतीपेक्षाही अधिक तापणाऱ्या गावी केवळ दुपारची झोप घेण्यासाठी कोणी गेल्याचे उदाहरण कोणाच्याही स्मरणात नव्हते.

"पण इथं झोप येत नाही काय तुमाले, भाऊजी?" शेजारच्या सुंदराबाईंनी कुंपणावरून विचारले.

"येते."

"मंग तिथं काहून चाल्ले?"

खुशालराव पाटबंधारे खात्यातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. घरी ते वऱ्हाडी बोलत आणि कोणी खुलासा मागितला की शासकीय मराठीत शिरत. त्यांनी घसा साफ केला. अकोल्याच्या एका रुग्णालयात झोपेचा आरोग्यावर आणि बुद्धीवर काय परिणाम होतो यावर संशोधन चालू असून त्याकरिता साठीपुढील व्यक्ती आवश्यक आहेत. सकाळी काही शब्द सांगण्यात येतात, दुपारी डोक्याला तारा लावून झोपवण्यात येते आणि जागे झाल्यावर कोणते शब्द लक्षात राहिले याची विचारणा करण्यात येते, असे त्यांनी सांगितले.

सुंदराबाईंनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. "उठल्या उठल्या माणसाले काही विचारायचंच कशाले म्हणते मी," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी तं चहा पोटात गेल्याबिगर आमच्या ह्यायले कोणी ह्यायचं नावही विचारत नाही."

खरे कारण खुशालरावांनी सुंदराबाईंना सांगितले नाही. ते त्यांनी पत्नीलाही, वच्छलाबाईंनाही, सांगितलेले नव्हते. तेल्हाऱ्याला असणारे त्यांचे थोरले बंधू शेषराव शेवटच्या काळात माणसे ओळखेनासे झाले होते. सख्ख्या मुलाच्या लग्नात, अक्षता हातात घेऊन, हे लग्न कोणाचे आहे असे त्यांनी शेजारी बसलेल्या माणसाला विचारले होते, आणि तो शेजारी बसलेला माणूस म्हणजे खुशालराव होते. गेले वर्षभर खुशालरावांना स्वतःबद्दल तीच शंका येत होती. वच्छलाबाई सकाळी कोथिंबीर आणायला सांगत आणि ते रिकाम्या हाताने परतत. "सांगितलं नव्हतं काय तुमाले?" असे त्या विचारत, आणि खुशालराव आपले संपूर्ण मन धुंडाळत, पण कोथिंबिरीचा शब्द तिथे कुठेही सापडत नसे. विसरलेली गोष्ट आठवण करून दिल्यावर आठवावी, एवढी अपेक्षा माणूस स्वतःकडून ठेवतो. इथे आठवण करून दिल्यावरही काही आठवत नव्हते. हे लक्षण शेषरावांचे होते.

तेव्हा कोणाला काही न कळता, संशोधनाच्या निमित्ताने, आपली बुद्धी शाबूत आहे की नाही याचा निकाल लावून घ्यावा, असे त्यांनी ठरवले. माणसाने दवाखान्यात रुग्ण म्हणून जाण्यापेक्षा विज्ञानाला हातभार लावायला जाणे केव्हाही अधिक शोभते.

पहिली अडचण संमतिपत्राची आली. ते टपालाने आले. खुशालरावांनी आयुष्यभर इतरांच्या मसुद्यांतील चुका काढल्या असल्यामुळे त्यांना ते नुसते सही करून परत पाठवणे शक्यच नव्हते. त्यांनी त्यातील वाक्यरचना लाल शाईने दुरुस्त केली. 'आपण कोणतेही कारण न देता केव्हाही माघार घेऊ शकता' या कलमापुढे त्यांनी समासात लिहिले, 'अर्जदाराने सेवाकाळात एकदाही विनाकारण माघार घेतलेली नाही. सबब हे कलम लागू नाही.' आठवड्याने कोरे संमतिपत्र पुन्हा आले. सोबत, कृपया फक्त सही करावी, अशी विनंती होती. आधार कार्डावर 'खुशाल' आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावर 'खुशालराव' असल्यामुळे दोन्ही इसम एकच असल्याचे पत्रही जोडायचे होते. आपण आपणच आहोत, हे नगरसेवकाकडून लिहून आणताना खुशालरावांचा चेहरा फारच उतरला होता. त्यांना त्या दिवसांत त्याबद्दल मुळातच पुरेशी खात्री वाटत नव्हती.

दुसरी अडचण पंजाबराव ही होती. निवृत्त मुख्याध्यापक असलेले पंजाबराव तिसऱ्या गल्लीत राहत. त्यांनी आयुष्यात अनेक मुले स्कॉलरशिपला बसवली होती, आणि परीक्षा हा शब्द कानावर आला की त्यांना स्वस्थ बसवत नसे.

"अभ्यासक्रम काय आहे?" त्यांनी विचारले.

"अभ्यासक्रम कशाचा? झोपायचं आहे, पंजाबभाऊ."

"झोपायचं दुपारी. सकायी शब्द आहेत ना? कोणते?"

"ते तिथंच सांगतात."

"तिथं सांगतात म्हणून तिथंच वाचायचे, हे नापास होणाऱ्या पोट्ट्यायचं लक्षण आहे," पंजाबराव म्हणाले.

दोन दिवसांनी ते संध्याकाळी आले. त्यांची भाची अकोल्याला दिलेली होती आणि तिचे सासरे महिन्यापूर्वी याच प्रयोगात झोपून आले होते. पेपर फुटला असे पंजाबरावांनी मुळीच म्हणू दिले नसते. ते त्याला मागील सत्राची प्रश्नपत्रिका म्हणत होते. शब्द पाच होते. शिडी, संत्रे, नगारा, काजळ, पूल.

खुशालरावांनी आयुष्यात कधी कॉपी केली नव्हती. पण माणसाला आपण वेडे होत आहोत अशी भीती वाटू लागली की त्याची तत्त्वे रात्री लवकर झोपी जातात. "एकदा पुन्हा सांगा," ते म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. पंजाबरावांनी शब्द लक्षात राहावेत म्हणून एक गोष्ट रचून दिली होती. माणूस शिडीवर चढून संत्रे तोडतो, तेवढ्यात नगारा वाजतो, काजळ घातलेली बाई पुलावरून पळत सुटते. बाई का पळते, याचे उत्तर पंजाबरावांनी दिले नाही. परीक्षेत ते येणार नाही असे त्यांचे म्हणणे होते. खुशालराव कूलरमध्ये पाणी भरताना म्हणत, शिडी, संत्रं, नगारा. दाढी करताना म्हणत. जेवताना घास थांबवून म्हणत.

"ते नगारा नगारा बंद करा आता," वच्छलाबाई पोळी वाढता वाढता म्हणत. "माये कान किटले. मलेही पाठ झालं ते."

"तुले पाठ होऊन काय फायदा? परीक्षा मायी आहे."

या एका वाक्याबद्दल खुशालरावांना पुढे फार वाईट वाटणार होते.

अकोल्याहून फोन आला तेव्हा आणखी एक अट समजली. सोबत घरचे एक माणूस हवे होते. त्यालाही सकाळी शब्द सांगायचे, परंतु त्याला झोपू द्यायचे नाही. झोपलेला आणि जागा यांची तुलना करायची होती. वऱ्हाडात दवाखान्यात एकट्याने जाण्याची पद्धतच नसल्यामुळे ही अट कोणाला जड गेली नाही. वच्छलाबाई निघाल्या, पंजाबराव पर्यवेक्षक म्हणून निघाले आणि सुंदराबाईंनी झोप यावी म्हणून जायफळ घातलेले दूध थर्मासमध्ये भरून दिले. त्या दिवशी सकाळपासून जायफळच काय, चहासुद्धा चालणार नव्हता. ते दूध पंजाबरावांनी मूर्तिजापूर येण्याआधी पिऊन टाकले.

संशोधन विभागाच्या प्रमुख डॉ. आकांक्षा वयाने खुशालरावांच्या मुलाहून, विपुलहूनही लहान होत्या आणि अत्यंत अदबीने बोलत. त्यांनी वच्छलाबाईंना आधी आत नेले आणि थोड्या वेळाने बाहेर पाठवले. मग खुशालरावांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "काका, मी पाच शब्द सांगते. नीट ऐका. खुर्ची, पोपट, कंदील, भाकरी, नदी."

खुशालरावांना क्षणभर वाटले की बाई चुकल्या. त्यांनी वाट पाहिली. बाई चुकल्या नव्हत्या.

"हे... हेच आहेत का?" त्यांनी विचारले.

"हेच. का?"

"नाही. सहज."

त्यानंतर श्याम नावाच्या तंत्रज्ञाने त्यांच्या केसांत डिंकासारखे काहीतरी चोपडून तारा चिकटवल्या, छातीभोवती पट्टा बांधला, नाकाखाली नळी लावली आणि एका थंडगार, निःशब्द खोलीत त्यांना आडवे केले. खुशालरावांनी हयातभर कूलरच्या घरघरीत झोप घेतलेली होती. त्या खोलीतली शांतता त्यांना कोणीतरी गेल्याच्या घरातल्यासारखी वाटली. त्यांनी खुर्ची, पोपट म्हणायला सुरुवात केली. पोपट शिडीवर जाऊन बसला. कंदील घेऊन काजळवाली बाई पुलावर आली. नदी पुलाखाली सहज बसली, याचे त्यांना बरे वाटले. पण भाकरी कुठेच बसेना.

"काका," भिंतीतल्या भोंग्यातून श्यामचा आवाज आला, "डोळे मिटलेत तुमचे, पण डोकं चालू आहे. इथे दिसून राहिलं."

आपल्या डोक्यात काय चालले आहे हे दुसऱ्या खोलीत दिसते, याची कल्पना खुशालरावांना कोणी दिली नव्हती. संमतिपत्रातही तसे स्पष्ट लिहिलेले नव्हते. त्यांनी घाबरून विचार करणे बंद केले, आणि या प्रयत्नात त्यांना झोप लागली.

दार उघडून डॉ. आकांक्षा आत आल्या तेव्हा आपण कुठे आहोत हे खुशालरावांना कळत नव्हते. "काका, सकाळचे शब्द सांगता का?"

"शिडी, संत्रं, नगारा, काजळ, पूल," खुशालराव एका दमात म्हणाले आणि शाबासकीच्या अपेक्षेने उशीवर टेकले.

डॉक्टरांनी हातातला कागद पुन्हा पाहिला. "काका, हे शब्द मी तुम्हाला सांगितलेच नव्हते," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे दोन संच आहेत. हा काकूंचा आहे."

डोक्याला तारा चिकटलेल्या स्थितीत माणसाला खोटे बोलता येत नाही. निदान खुशालरावांना आले नाही. त्यांनी पंजाबरावांचे नाव न घेता सगळे सांगितले. कार्यालयात एखाद्या कारकुनाने चुकीचे बिल काढले की तो जसा टेबलाच्या कडेकडे पाहत बोले, तसे ते पलंगाच्या लोखंडी कडेकडे पाहत बोलत होते.

"मग तुमची नोंद बाद करावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच अधिक लागले. "आणि काकूंचीही. घरी तुम्ही मोठ्याने पाठ करत होता ना?"

"पंधरा दिवस."

"म्हणजे त्यांना तर झोपेतही सांगता येतील. तरी विचारते. नियम आहे."

खुशालरावांना त्या अवस्थेतही थोडे बरे वाटले. आपले तर झाले. निदान वच्छला पैकीच्या पैकी मिळवील. केसांतला डिंक पुसायचा बाकी असतानाच ते बाहेर आले आणि डॉक्टरांच्या पाठीमागच्या बाकावर बसले. समोर वच्छलाबाई पदर सावरून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर पंजाबराव मान मागे टाकून गाढ झोपले होते. त्या दिवशी त्या विभागात सर्वांत उत्तम झोप त्यांनाच लागली होती आणि तिची नोंद कोणीही घेत नव्हते.

"काकू, सकाळी मी काही शब्द सांगितले होते. आठवतात का?"

"सकायी?" वच्छलाबाई म्हणाल्या. "सकायी सांगितले काय तुमी?"

"हो. पाच."

"असतील बाप्पा. एवढं कोण ध्यानात ठेवते." त्या हसल्या. पाहुण्यांपुढे साखर संपली असता त्या असेच हसत.

खुशालराव पुढे सरकले. ज्या माणसाची नोंद नुकतीच गैरप्रकारामुळे बाद झाली होती, तो डॉक्टरांच्या पाठीमागे दोन्ही हात वर करून हवेत शिडी चढू लागला. वच्छलाबाईंनी पाहिले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग खुशालरावांनी बाकावर बोटांनी नगारा वाजवला. पंजाबराव झोपेत कुशीवर वळले. शेवटी खुशालरावांनी तर्जनी डोळ्याखालून काजळ घालावे तशी फिरवली. एकदा, दोनदा, अत्यंत सावकाश.

"काय झालं तुमाले?" वच्छलाबाई काळजीने म्हणाल्या. "डोया दुखून राहिला काय?"

डॉक्टरांनी मागे वळून पाहिले. खुशालरावांचे बोट डोळ्याखालीच राहिले. डॉक्टर पुन्हा वच्छलाबाईंकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "एक फळ होतं, काकू. संत्रं."

"संत्रं आता कुठलं भेटते मे महिन्यात," वच्छलाबाई म्हणाल्या.

खुशालरावांनी हात खाली घेतला. कोथिंबीर आणायला त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ती सांगितली आहे असे वच्छलाबाईंना वाटत होते. दोनदा मीठ पडलेली भाजी खुशालरावांनी मुकाट खाल्ली होती, कारण आपली चवही गेली असावी असे त्यांना वाटले होते. वर्षभर ते आपल्या डोक्यात जो चोर शोधत होते, तो शेजारच्या खोलीत पोळ्या लाटत होता, आणि ही गोष्ट त्यांच्या लक्षात न यावी इतके ते स्वतःच्या बुद्धीच्या काळजीत गुंतलेले होते.

दोघांना आत नेऊन डॉक्टरांनी आणखी काही प्रश्न विचारले, आणि त्यातला पहिला खुशालरावांच्या झोपेबद्दल होता. श्यामला पडद्यावर काही दिसले होते. "काकू, काका रात्री घोरतात का? मध्येच श्वास थांबतो का?"

शब्दांच्या बाबतीत अडखळलेल्या वच्छलाबाई इथे मात्र एकदाही थांबल्या नाहीत. "थांबते ना. घोरता घोरता चूप होऊन जातात. मंग मी हालवते. मंग पुन्हा घोरतात. मंग मले बरं वाटते."

"रात्री किती वेळा हलवता?"

"मोजलं नाही बाई कधी. जागीच असते मी."

"केव्हापासून?"

"विपुलचं लग्न झालं, तवापासून असंन."

विपुलची मुलगी आता दहावीला होती. खुशालरावांनी विचारले, "मले काहून सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमी म्हणले, मी कुठं घोरतो."

हे मात्र खुशालरावांना स्पष्ट आठवत होते.

डॉक्टर सावधपणे बोलल्या. एका प्रश्नावरून काही ठरत नाही. वर्षानुवर्षे झोप न मिळालेल्या माणसाचे मन असे विसरू शकते. दुसरेही काही असू शकते. दोघांची नीट तपासणी व्हायला हवी. काकांना रात्री श्वासाचे यंत्र लावावे लागेल असे दिसते. मग काकूंना झोप मिळेल, आणि झोप मिळाल्यावर काय सुधारते ते पाहता येईल. "आणि नाही सुधारलं तर?" खुशालरावांनी विचारले. "तर पुढचं पाहू," त्या म्हणाल्या. खुशालरावांनी स्वतः कितीतरी अर्जदारांना हेच उत्तर दिले होते आणि त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

बाहेर पंजाबराव जागे झाले होते. "सगळे शब्द आले काय?" त्यांनी उत्सुकतेने विचारले.

"आले."

"पाहा. म्हटलं नव्हतं मी?" ते समाधानाने म्हणाले, आणि भाचीकडे मुक्कामाला निघून गेले.

परतीला चांदूर रेल्वे या गावाची बस मिळाली. ती अमरावतीवरून पुढे जात होती. खिडकीतून गरम वारा भट्टीसारखा आत येत होता. बोरगाव मंजू यायच्या आतच वच्छलाबाईंची मान खुशालरावांच्या खांद्यावर पडली. आधी त्यांना वाटले, ती काही सांगत आहे. मग कळले, ती झोपली आहे. बस खड्ड्यातून गेली, चालकाने हॉर्न वाजवला, मागे कोणाचे तरी पोर रडले. तिला काही कळले नाही. खुशालराव जागे होते आणि बसलेले होते. त्यांचा श्वास चालू आहे याची तिला हमी हवी असे, ती बहुधा खांद्यातून मिळत असावी. त्यांचा हात बधिर झाला. तो त्यांनी हलवला नाही.

अमरावतीचे बसस्थानक आले. माणसे उतरली, माणसे चढली. खुशालरावांनी शेजारी पाहिले. तिचे तोंड किंचित उघडे होते आणि कपाळावरची आठी गेली होती.

"उतरायचं नाही काय, काका?" वाहकाने विचारले.

"पुढची दोन द्या," खुशालराव कुजबुजले.

"पुढं कुठं?"

"जिथंवर जाते तिथंवर."

वाहकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि तिकिटे फाडली.

चांदूर रेल्वेला बस रिकामी झाली, इंजिन बंद झाले, आणि त्या शांततेनेच वच्छलाबाई जाग्या झाल्या. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. समोर अनोळखी दुकाने होती, अनोळखी पाटी होती, ऊन कलले होते. त्यांनी पुन्हा पाहिले. त्यांचा हात खुशालरावांच्या बाहीवर घट्ट आवळला गेला.

"हे कोणतं गाव होय?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "मले काहीच ओळखू येऊन नाही राहिलं."

प्रश्न रास्त होता. त्या जागी कोणीही तोच विचारला असता. परंतु तो विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते खुशालरावांनी वर्षभर दाढीच्या आरशात रोज पाहिले होते. म्हणजे तिलाही कळत होते. कोण जाणे केव्हापासून, आणि तिनेही कोणाला सांगितले नव्हते.

"चांदूर आलं," ते म्हणाले. "मीच अमरावतीले उतराचं विसरलो."

वच्छलाबाईंचा हात सैल झाला. त्यांनी मोठा श्वास घेतला, पदर झटकला आणि त्यांच्या आवाजात नेहमीची धार परत आली.

"विसरले म्हंजे? डोये उघडे ठेवून बसले होते ना तुमी? एवढं मोठं अमरावती दिसलं नाही काय तुमाले?"

"नाही दिसलं."

"तुमच्या आजकाल काहीच ध्यानात राहत नाही. त्या डॉक्टरीन बाईले सांगाले पाहिजे होतं हे."

"सांगू पुढच्या वेळी."

"द्या ती पिशवी इकडं. कुठंतरी ठेवून देसान."

खुशालरावांनी पिशवी दिली. वच्छलाबाई पुढे झाल्या आणि परतीची गाडी कुठे लागते ते विचारायला निघाल्या, आणि खुशालराव त्यांच्या मागोमाग, त्या वळून पाहतील तेव्हा दिसेल इतक्या अंतरावर, चालू लागले.